‘चार तास सर्व्हर बंद आणि मालक झोपलेला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एक स्टारचा अभिप्राय वाचला. आमच्या मॉड्यूलमुळे (सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममुळे) गुरुवारी रात्री पतसंस्थेची साइट पडली, चार तास बंद राहिली, सभासदांना खाती दिसेनात, आणि ‘मालक झोपलेला’ असं आपण लिहिलंय. साइट आमच्या मॉड्यूलमुळेच पडली. चूक माझी आहे आणि मी मनापासून माफी मागतो.

चूक काय होती तेही इथेच सांगतो, म्हणजे मी काही लपवतोय असं कुणाला वाटायला नको. आमचं नेटिव्ह मॉड्यूल आयआयएसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर, प्रत्येक रिक्वेस्टला किती वेळ लागला ते मोजतं. बिगिन-रिक्वेस्टला (रिक्वेस्ट सुरू होताना) सुरुवातीची वेळ टिपून ठेवायची, एंड-रिक्वेस्टला (रिक्वेस्ट संपताना) ती वाचून वजाबाकी करायची, एवढंच काम. मी धरून चाललो होतो की एंड आलं म्हणजे बिगिन येऊन गेलेलंच असणार. तसं नसतं. सर्व्हरवरच्या मॉड्यूलच्या यादीत आमच्या वर असलेल्या मॉड्यूलने बिगिन-रिक्वेस्टमध्येच ‘फिनिश रिक्वेस्ट’ असं सांगितलं, तर आयआयएस मधले टप्पे गाळून थेट लॉग आणि एंड या शेवटच्या टप्प्यांवर येतं. खालच्या मॉड्यूलचं बिगिन त्यात चालतच नाही, एंड मात्र चालतं. आमच्या एंडने न टिपलेली वेळ वाचायला हात घातला आणि पॉइंटर, म्हणजे ती वेळ कुठे ठेवलीय हे सांगणारा पत्ता, रिकामा निघाला. डॉटनेटमध्ये लिहिलेलं मॉड्यूल असतं तर बहुधा ती एक रिक्वेस्ट एरर देऊन सुटली असती. आमचं सी प्लस प्लसचं, वर्कर प्रोसेसच्या, म्हणजे साइट प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात बसलेलं. ते कोसळलं की अख्खी प्रोसेस जाते, आणि त्या क्षणी तिच्यात ज्या ज्या सभासदांचं काम चालू असेल तेही जातं.

मग पाच मिनिटांत पाच वेळा प्रोसेस पडली. आयआयएसच्या रॅपिड-फेल प्रोटेक्शनची, म्हणजे वारंवार पडणारी प्रोसेस थांबवणाऱ्या सोयीची, मूळ मर्यादा तेवढीच आहे. ॲप्लिकेशन पूल, म्हणजे ही प्रोसेस सुरू ठेवणारी व्यवस्था, बंद झाला आणि सगळ्यांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसायला लागलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ५००२ क्रमांकाची, म्हणजे पूल आपोआप बंद केल्याची, नोंद आपल्या माणसानेच मला स्क्रीनवर दाखवली होती.

हे सगळं मला मान्य आहे. त्या चार तासांचा सगळा दोष आणि ‘झोपलेला’ हा शब्द मात्र मान्य नाही. त्या रात्रीच्या वेळा माझ्या फोनमध्ये आहेत, त्या लिहितो.

साडेआठच्या सुमारास आपल्याकडे नवीन सुरक्षा मॉड्यूल बसवलं गेलं, आणि ते यादीत आमच्या वर ठेवलं गेलं. नको असलेल्या आयपीच्या रिक्वेस्ट ते बिगिनलाच संपवत होतं, म्हणजे त्याचं काम ते चोख करत होतं. आम्हाला आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, पण कळवायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. कुणाच्याही शेजारी बसवलं तरी आमचं मॉड्यूल टिकलं पाहिजे. ९:४० ला साइट पहिल्यांदा पडली. मला पहिला फोन १०:०५ ला आला आणि तो मी पहिल्याच रिंगला उचलला. १०:२० ला स्क्रीन बघत होतो. पुढची पंधरा-वीस मिनिटं मी नव्या मॉड्यूलवर संशय घेण्यात घालवली, तेवढी माझ्या खात्यावर धरा. १०:४० ला मी स्पष्ट सांगितलं, ‘आमचं मॉड्यूल यादीतून काढा आणि पूल सुरू करा, साइट चालू होईल.’

आपल्या माणसाने सांगितलं, वरिष्ठांची परवानगी घेऊन करतो. बरोबर आहे, पतसंस्थेच्या सर्व्हरवर असं कुणाच्याही सांगण्यावरून काही काढू नये. पण तोपर्यंत पूल पुन्हा पुन्हा सुरू केला जात होता. नको असलेल्या रिक्वेस्ट येतच होत्या, त्यामुळे दर वेळी दोन-चार मिनिटांत तो परत बंद पडत होता. घरातले झोपले म्हणून मी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ओट्यापाशी उभा होतो. १२:१० ला मेसेज केला, ‘परवानगी मिळाली का?’ मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. परवानगी १:१५ ला मिळाली. १:२२ ला साइट चालू झाली, मीच सांगितलेल्या त्या एका कृतीने.

म्हणजे साइट पावणेचार तास बंद होती हे खरं. पण फोन आल्यापासून उपाय सांगेपर्यंत पस्तीस मिनिटं लागली, आणि त्यापुढचे अडीच तास मी आपल्या होकाराची वाट बघत होतो. साहेब, तीन माणसांचा धंदा आहे आमचा. कोडमध्ये चूक निघाली तर आम्ही ती दुरुस्त करून दाखवू शकतो. ‘झोपलेला’ या शब्दाला मी काय पुरावा देऊ? वर्षाचे चौदा हजार पाण्यात गेले असं आपण लिहिलंय. सोमवारीच मी परताव्याचं विचारलं होतं, ती तयारी आजही आहे.

दुरुस्ती शुक्रवारी दुपारी पाठवली आहे. पॉइंटर आता कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे मॉड्यूल तयार होतानाच, रिकामा ठेवला जातो आणि एंड-रिक्वेस्टमध्ये पहिल्याच ओळीत तपासला जातो. बिगिन झालंच नसेल तर आमचं मॉड्यूल काही न मोजता ‘कंटिन्यू’ (पुढे चालू द्या) म्हणून बाजूला होतं. दुसऱ्या मॉड्यूलने मध्येच रिक्वेस्ट संपवली तर काय होतं, याच्या चाचण्याही वाढवतोय, आणि रात्रीच्या सपोर्टचंही लवकरच काहीतरी करतो.

कालपासून दोन जुन्या ग्राहकांनी आपला अभिप्राय दाखवून ‘रात्री फोन उचलता ना?’ असं विचारलंय. स्टार एकच राहू द्या, चूक झालीच आहे. आपल्या माणसाच्या फोनमधली १०:०५ ची नोंद एकदा बघा आणि तेवढा एक शब्द बदलता आला तर बदला, एवढीच विनंती.