अंगठा उठला नाही म्हणजे माणूस खोटा?

गावाकडच्या तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: "अंगठा ही देवाने दिलेली सही. ती पुसत नाही, चुकत नाही. मशीन ज्याचा अंगठा घेत नाही तो बोगस. रेशन, पेन्शन, दवाखाना, सगळीकडे अंगठा सक्तीचा करा, चोरी आपोआप बंद!"

पुसत नाही? माझी मावशी वेंगुर्ल्याकडे काजू फोडते, वीसेक वर्षं झाली. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, सीझनमध्ये तिच्या अंगठ्याचं टोक काळं आणि गुळगुळीत होतंच. कातडी परत येते, रेषाही येतात. पण त्यासाठी कामाला खाडा करावा लागतो. चिरेखाणीवरचे गडी, बर्फातली कोळंबी सोलणाऱ्या बायका, सगळ्यांची तीच गत. देवाची सही खुर्चीत बसणाऱ्यांचीच शाबूत राहते, असं दिसतं.

चुकत नाही, हेही खोटं. ताजा ठसा साठवलेल्या ठशाशी किती जुळतो याचे गुण काढले जातात, ठरावीक गुणांच्या खाली गेला की नकार. अट कडक केली की खरी माणसं परत जातात, सैल केली की खोटी आत शिरतात. शिवाय पावसात रेंज गेली की सगळी वाडीच बोगस!

आता 'बोगस' या शब्दाबद्दल. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं परिपत्रक आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर 2017 मध्येच काढलंय. बुबुळ बघा, ओटीपी घ्या, तेही जमलं नाही तर दुसरं ओळखपत्र बघून नोंदवहीत लिहा आणि धान्य द्या. सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टानेही खऱ्या लाभार्थ्याला यावरून वंचित ठेवू नये असंच म्हटलं. मावशीला मात्र दुकानात काय ऐकायला मिळालं? "मावशे, बोट पूस आणि परत लाव." तीनदा. मी वहीचं विचारलं तर उत्तर आलं, "ती वही आमका दिलीच नाय."

राहिली चोरी. एकाच माणसाची दोन कार्डं आधारमुळे सापडतात, हे मान्य. पण अंगठा फक्त माणूस आला एवढंच सांगतो. पिशवीत किती पडलं ते काटा सांगतो. अंत्योदयची पावती 35 किलोची निघाली आणि पिशवी हलकी भरली, तर अंगठा काय करणार? उलट त्याने चोरीला साक्षच दिली. आणि ठसा चोरता येत नाही असंही नाही. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून बनावट अंगठे केल्याचं प्रकरण गाजलं होतं. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

मावशीचं धान्य पुढच्या खेपेला मिळालं, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर. आता काजू फोडायला बसताना ती त्या बोटाला चिंधी बांधते.