लाचेला वंगण म्हणू नका

परवा रात्री भाच्याने एक मेसेज पुढे पाठवला, ‘भ्रष्टाचाराच्या नावाने रडणाऱ्या तरुणांसाठी’. खाली त्याचा प्रश्न होता, “मामा, मग पैसे भरून मोकळं व्हायचं का?” दोन वर्षं नोकरीच्या परीक्षांना बसतोय पोरगा. त्या प्रश्नाने माझी झोप उडाली.

मेसेज म्हणतो, लाच हे वंगण आहे, तिने कामं भराभर होतात. एखाद्याचं काम त्या दिवशी होतं, एवढं मान्य. पण फाइल अडवली की पैसे सुटतात हे कळल्यावर ती मुद्दामच अडवली जाते, त्याचं काय? आणि पैसे भरून नोकरीला लागलेला माणूस ती रक्कम कुणाकडून वसूल करणार? दाखल्यासाठी त्याच्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या पुढच्या मुलाकडूनच ना!

म्हणे भ्रष्ट देशही पुढे गेले. काही गेले, खरं आहे. दक्षिण कोरियात १९९६ मध्ये दोन माजी राष्ट्राध्यक्षांना लाचखोरीसाठीही शिक्षा झाली. पण तिथल्या प्रगतीचं श्रेय शाळा-कारखान्यांना सोडून लाचेला कसं देता?

सगळ्यात संताप आला तो या वाक्याचा: ‘वरच्यांनी थोडं खाल्लं तरी बाकीचं खाली पोचतंच.’ नाही पोचत. युगांडात हे मोजून झालंय. सरकार तिथे दर विद्यार्थ्यामागे प्राथमिक शाळांना अनुदान देत होतं. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेनसन या अभ्यासकांनी शाळांकडच्या नोंदी ताडून पाहिल्या. १९९१ ते १९९५ या काळात शाळांच्या हाती सरासरी १३ टक्के रक्कम पडली होती. शंभरातले तेरा! बहुतेक शाळांना तर छदामही मिळाला नव्हता, आणि जे पोचलं त्यात खात्यापित्या वस्त्यांतल्या शाळांचा वाटा मोठा. गरिबाच्या मुलाच्या वाट्याचंच आधी गेलं. पुढे सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांतही आकडे लावायला लावले. इतर सुधारणाही झाल्या, पण २००१ पर्यंत पोचणारी रक्कम ८० टक्क्यांच्या वर गेली. हिशेब उघड्यावर आला आणि शाळांना पैसे मिळू लागले.

‘हुशार मुलगा कुठूनही वर येतो’ या वाक्यावर वेळ घालवत नाही. ज्याची जागा विकली गेली, त्याने वर यायचं कुठे?

भाच्याला रात्रीच कळवलं: पैसे भरायचे नाहीत. निवड यादी आणि तुझी उत्तरपत्रिका मागणारा अर्ज लिहून ठेव, सोमवारी मी बरोबर येतो.