आबासाहेब दोनदा हरले होते

मामांचा तो मेसेज परवा पुन्हा आला. कुणा आमदाराने पक्ष बदलला, निवडणूक लागली किंवा जुलै संपत आला, की तो येतोच. वर हात जोडलेले, खाली ‘टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत, तुम्ही तरी पुढे पाठवा’ आणि मधे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब. मजकूर थोडक्यात असा: सलग अकरा वेळा आमदार, पंचावन्न वर्षं अखंड, हा जागतिक विक्रम. आयुष्यात एकदाही पराभव नाही. मंत्रिपद कितीदा दारात आलं, कधी घेतलं नाही. पक्ष नावाला, निवडून यायचा तो माणूस. मतदारसंघात जातीची मतं जवळजवळ नाहीतच. सांगोल्याला पाणी आणलं ते एकट्याने. घरातला कुणी राजकारणात आणला नाही. आणि हा माणूस आजही एसटीने फिरतो.

आबासाहेब ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले. राज्यभर बातम्या झाल्या, आणि टीव्हीवाल्यांनीही दाखवल्या. तरी मेसेजातले आबासाहेब अजून स्टँडवर उभे आहेत.

मामांना मी सहसा उलटं बोलत नाही. त्यातून विषय आबासाहेबांचा, म्हणजे ‘तुला त्या माणसाबद्दल आदर नाही का’ हे ठरलेलं. आदर आहे म्हणूनच हे लिहितोय. या मेसेजाने आबासाहेबांचा फोटो करून भिंतीवर लावलाय. त्यांनी साठ वर्षं केलं ते राजकारण, आणि नेमकं तेवढंच मेसेजात नाही.

आधी तो ‘सलग’ शब्द. आबासाहेब १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९६७ ला पुन्हा. १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पडले. १९९९, २००४, २००९, २०१४ ला निवडून आले. बोटांवर मोजा, अकरा भरतात. अकराचा आकडा खरा, ‘सलग’ खोटं. ‘पंचावन्न वर्षं अखंड’ही तसंच. १९६२ ते २०१९ हा काळ सत्तावन्न वर्षांचा; त्यातून सभागृहाबाहेर काढलेली वर्षं वजा केली की पन्नास-एक्कावन्न उरतात. ती काय कमी आहेत? पण मेसेज लिहिणाऱ्याला पन्नास पुरत नाहीत.

पराभवांवर जरा थांबतो, कारण मला यात सगळ्यात जास्त रस आहे. १९९५ ला आबासाहेब पडले ते काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून. हेच ते शहाजीबापू, ज्यांचं ‘काय झाडी, काय डोंगर’ २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीहून महाराष्ट्रभर ऐकू आलं. फरक होता १९२ मतांचा. एकशे ब्याण्णव! एका वाडीतली माणसं लग्नाला गेली असती तरी निकाल फिरला असता. त्या वेळी आबासाहेबांचं वय अडुसष्ट होतं, सात वेळा आमदारकी झाली होती, मंत्रिपद होऊन गेलं होतं. आपल्याकडे या वयात असा पराभव झाला की माणूस एकतर विधान परिषदेकडे बघायला लागतो, नाहीतर ‘मार्गदर्शक’ होतो. आबासाहेब साडेचार वर्षं तालुक्यातच राहिले आणि १९९९ ला, त्र्याहत्तरीत, परत सभागृहात जाऊन बसले. त्यानंतर आणखी वीस वर्षं. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते.

‘एकदाही पराभव नाही’ लिहिणाऱ्याने हीच गोष्ट पुसून टाकली. सांगोल्याच्या मतदाराने या माणसाला दोनदा घरी बसवलं आणि दोन्ही वेळा परत बोलावलं. यात मतदारालाही डोकं होतं असं दिसतं. मेसेजातला मतदार मात्र दर पाच वर्षांनी नुसता दर्शनाला येतो.

विक्रमाचं लवकर आटपतो. तमिळनाडूत करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले, अर्थात मतदारसंघ बदलत. एकाच मतदारसंघाचा हट्ट असेल तर केरळात के. एम. मणी पाला या एकाच जागेवरून तेरा वेळा आले, आणि ओमन चंडी पुदुपल्लीतून ओळीने बारा वेळा. तो ‘सलग’ शब्द खरा त्यांचा. महाराष्ट्रात अकरा हा आकडा सर्वांत मोठा, एवढं म्हणा आणि थांबा. जगाचं जग बघेल.

आता मंत्रिपद. ‘कधी घेतलं नाही’ हे वाक्य कुठून आलं याचा मला खरंच अचंबा वाटतो, कारण त्यांनी दोनदा घेतलं. १९७८ ला शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं, त्यात आबासाहेब मंत्री होते. त्याआधी १९७७ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. दुसऱ्यांदा १९९९ ला, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात, रोजगार हमी आणि पणन ही खाती. २००२ ला त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाने, म्हणजे शेकापने, पाठिंबा काढला आणि मंत्रिपद सुटलं.

यात लपवण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. रोजगार हमी हे खातं त्या माणसाकडे जावं यात एक मेळही आहे. ही योजना महाराष्ट्राची, वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली, बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर कामाला लागलेली. तिचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे आबासाहेब पहिल्यांदा मंत्री असलेल्या सरकारच्या काळात. पुढे १९९० पासून तिला फळबाग लागवड जोडली गेली आणि माणदेशातल्या माळावर बोरं आणि डाळिंबं उभी राहिली. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट बंगालमधल्या शालिमारपर्यंत. तेव्हा सांगोल्याच्या स्टेशनात डाळिंबाचे क्रेट रचलेले असायचे ना, त्या एकेका क्रेटमागे मोर्चे आहेत, मजुरांच्या हजेरीचे मस्टर आहेत, शासन निर्णय आहेत. सत्तेला हात न लावणारा साधू यातलं काही करू शकत नाही. पुढे तेल्या रोगाने बागाच्या बागा बसल्या ही वेगळी कहाणी. तिच्यावर कुणी मेसेज बनवत नाही.

याच धाग्यातला पाण्याचा मुद्दा. ‘एकट्याने आणलं’ म्हणणाऱ्याने सांगोल्याचा नकाशा बघावा. तालुक्याच्या मधून माण नदी जाते, पण वर्षातला बराचसा काळ तिच्यात वाळूच. नीरेचा उजवा कालवा येतो, पण सांगोला त्याच्या शेपटाला; वरच्या तालुक्यांचं भागल्यावर उरेल ते. म्हणून कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार आणि टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, पोचणार का, हे इथल्या चहाच्या टपरीवरचं रोजचं बोलणं. उरलं कृष्णेचं पाणी. टेंभू योजना म्हणजे कराडजवळ ते उचलायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवत दुष्काळी भागात न्यायचं. हे काम एका आमदाराच्या पत्राने होत नसतं. १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख आणि सातारा, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसं. पुढे वर्षानुवर्षं या परिषदा भरत राहिल्या. सरकारलाही घाई होती, कारण राज्याराज्यांत पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत अडवायचं होतं. कृष्णा खोरे महामंडळ १९९६ ला निघालं ते त्यासाठीच. एका बाजूने रेटा आणि दुसऱ्या बाजूने मुदत, या चिमट्यात सापडून पाणी हललं. तेही सावकाश, पहिल्या परिषदेला आलेल्या कितीतरी जणांनी ते आपल्या रानात पाहिलं नाही. आबासाहेबांचं श्रेय यात आहेच. पण ‘एकट्याने’ म्हटलं की नागनाथअण्णा गेले, तेरा तालुके गेले, भाकरी बांधून आटपाडीला गेलेल्या बायाबापड्या गेल्या. आबासाहेबांनाही हे रुचलं नसतं. परिषद म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं.

‘पक्ष नावाला’ हा मुद्दा वाचून मात्र मी वैतागलो. सांगोल्यात त्यांच्या नावाआधी ‘भाई’ लागतं. बाहेरच्या माणसाला वाटतं मुंबईतला भाई. ते शेतकरी कामगार पक्षातलं संबोधन आहे, जसे भाई एन. डी. पाटील, तसे भाई गणपतराव देशमुख. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून हा पक्ष उभा केला आणि मग ते दोघेही काँग्रेसमध्ये परत गेले. यशवंतराव मोहित्यांसारखे तगडे गडीही गेले. संस्थापक गेले आणि पेनूरचा हा वकील राहिला! १९६७ ला विधानसभेत शेकापचे १९ आमदार होते, २०१४ ला तीन. पक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत आटला, आणि काँग्रेसमध्ये गेले असते तर काय काय मिळालं असतं हे सांगायला नको. मग पक्ष नावाला होता की माणूस पक्षाला धरून होता? सांगोल्यातली शेतकरी सहकारी सूतगिरणी, दूध, बाजार समिती, ग्रामपंचायतीतले लाल बावटेवाले, हे सगळं जाळं पक्षाचं होतं. राज्यभर सहकारी सूतगिरण्या धडाधड बंद पडत असताना ही चालत राहिली. नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका निघत नाहीत मामा, बूथवर माणूस लागतो.

जातीचं बोलायला सगळे कचरतात, म्हणून मेसेजवाल्याने थापच मारून टाकली. आबासाहेब धनगर समाजातले, आणि सांगोला, आटपाडी, माळशिरस, जत हा पट्टा मेंढपाळांचा. सांगोल्यात हा समाज संख्येने मोठा आहे. तेव्हा ‘जातीची मतं नाहीत’ हे साफ चूक. आता याच्या उलटा मेसेजही फिरतो, की सगळा खेळ जातीचाच होता. त्यालाही उत्तर त्या दोन पराभवांत आहे: १९७२ ला आणि १९९५ ला समाज कुठे गेला नव्हता. तिथेच होता, तेवढाच होता, आणि आबासाहेब पडले. जात होती, पण पुरत नव्हती. बाकीची मतं कमवावी लागत होती.

घराणेशाहीचं उत्तर तर सांगोल्यातलं शाळकरी पोरही देईल. २०१९ ला वयामुळे आबासाहेब थांबले आणि शेकापने उभे केले ते त्यांचे नातू, डॉ. अनिकेत देशमुख. ७६८ मतांनी पडले; समोर पुन्हा शहाजीबापूच, या वेळी शिवसेनेचे. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, त्याच शहाजीबापूंना पाडून आमदार झाले. आज विधानसभेत शेकापचा जो एक आमदार आहे तो हाच. नातवांनी निवडणूक लढवणं गुन्हा नाही. लोकांनी एकाला पाडलं, एकाला निवडलं. मला स्वतःला वाटतं की पन्नास वर्षांत दुसऱ्या घरातला एखादा उमेदवार तयार व्हायला हवा होता, आणि आबासाहेबांच्या हिशेबात उणं मांडायचं तर मी हे मांडेन. मामांना हे पटणार नाही. पण ‘घरातला कुणी आणला नाही’ असं २०२४ नंतरही पुढे पाठवणं म्हणजे सांगोल्याचा आत्ताचा आमदार कोण, हेही न बघणं.

राहिली एसटी. महाराष्ट्रात आमदाराला एसटीचा प्रवास फुकट असतो. तुम्ही लाल डब्यात बसला असाल तर पाहिलं असेल, पुढच्या बाजूच्या एका सीटवर, खिडकीच्या वर, रंगाने लिहिलेलं असतं: आमदार, खासदार. अक्षरं अर्धी उडालेली, खाली कुणीतरी पिशवी टाकून जागा धरलेली. त्या सीटवर आमदार बसलेला मी तरी कधी पाहिला नाही, तुम्हीही नसेल. ही सवलत सगळ्यांनाच होती आणि आहे. आबासाहेब ती वापरायचे. सोलापूर जिल्ह्यात हे सांगणारी माणसं पायलीला पन्नास भेटतील, आणि त्यांना खोटं पाडायचं मला काही कारण नाही.

म्हणून मेसेज दुरुस्त करून मामांना परत पाठवला. ‘सलग’ काढलं, दोन पराभव घातले, दोन मंत्रिपदं घातली, पाणी परिषद घातली, नातू घातले. एसटीची ओळ तशीच ठेवली. फक्त ‘आजही’ खोडलं.

मामांचं उत्तर आलं: ‘लांब झालंय. एवढं कोण वाचतंय.’