सहा महिन्यांत नवे हृदय मिळत नाही

‘शरीरातील प्रत्येक पेशी सात वर्षांत नवी होते, यकृत तीन आणि हृदय सहा महिन्यांत बदलते, तेव्हा गोळ्या सोडा आणि उपवास धरा,’ असा मजकूर घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. गेल्या वर्षी झटका येऊन स्टेंट बसवलेल्या माझ्या मामांनी तो वाचून चार दिवस रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतली नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

हृदयाचा दावा सर्वांत खोटा आणि सर्वांत घातक आहे. झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी स्नायू उगवत नाही. तेथे कोलॅजनचा व्रण तयार होतो, जो हृदयाची भिंत सांधून धरतो, पण आकुंचन पावत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये याचे मोजमापच प्रसिद्ध केले. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत उतरतो आणि त्यावरून तिचे वय काढता येते. या हिशेबाने २५ व्या वर्षी हृदयस्नायूच्या सुमारे १ टक्का पेशी वर्षभरात नव्या होतात, ७५ व्या वर्षी ०.४५ टक्के, आणि उभ्या आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत. शिवाय स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर रक्तवाहिनीचे अस्तर चढेपर्यंत तेथे गुठळी धरण्याचा धोका मोठा असतो, आणि ती गोळी नेमके तेच रोखते.

यकृताबाबत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. यकृताचा भाग दान केल्यावर दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढे होते. मात्र ही करामत निरोगी यकृताची आहे, सिऱ्हॉसिसने गाठाळलेल्या यकृताची नव्हे.

सात वर्षांचे म्हणाल, तर आतड्याचे अस्तर काही दिवसांत आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, तर दाताचे एनॅमल एकदा झिजले की परत येत नाही.

उपवासासाठी ‘नोबेल’चा दाखला दिला आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशी स्वतःचेच निकामी भाग मोडून पुन्हा वापरते त्या प्रक्रियेच्या संशोधनासाठी, आणि तेही मुख्यतः यीस्टवरील. उपाशी पेशीत ही प्रक्रिया वाढते, हे खरे. पण घरातले मोडके सामान भंगारात काढल्याने पडलेली भिंत उभी राहत नाही.

मामांची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी पाचव्या दिवशी पुन्हा सुरू केली. मजकूर पाठवणाऱ्या शेजाऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र, चौकशी केली तेव्हा कळले, एक दिवसही चुकलेल्या नव्हत्या.