'पाहिलेला चेहरा कुणी विसरतं का?'

एखादा गुन्हा गाजला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: जिच्यावर प्रसंग ओढवला तिनंच आरोपीला ओळखलंय, मग खटला कसला चालवता? पाहिलेला चेहरा माणूस विसरत नाही. भीतीच्या क्षणी तर तो मेंदूवर कोरला जातो. ती इतकं ठामपणे सांगतेय म्हणजे तोच असणार. डमी, म्हणजे इतर माणसं, सोबत उभी करून त्यांच्यातून साक्षीदाराला आरोपी ओळखायला लावायचा, ही ओळख परेड निव्वळ वेळकाढूपणा आहे, त्यापेक्षा आरोपीचा फोटो सगळीकडे पाठवा. संताप समजतो. पण यातलं एकेक विधान तपासायला घेतलं की ते खऱ्या गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडताना दिसतं.

"पाहिलेला चेहरा विसरत नाही." हे निम्मं खरं आहे आणि सगळा घोळ त्या निम्म्यातच आहे. चेहरा ओळखीचा वाटणं हे एक काम. तो कुठे, कधी, काय करताना पाहिला ते आठवणं हे दुसरं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी 1980 मध्ये दिलेलं उदाहरण अजूनही सांगितलं जातं. बसमध्ये एक माणूस दिसतो. याला आपण नक्की पाहिलंय, एवढं कळतं, पण कोण ते काही केल्या सुचत नाही. बऱ्याच वेळानं उलगडतं, अरे, हा तर आपला खाटीक! ओळख क्षणात लागते. संदर्भ मागाहून येतो, कधी येतच नाही. तो आला नाही तर मन हाताशी असलेला प्रसंग तिथे जोडून मोकळं होतं. पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यात तर एकच प्रसंग घोळत असतो.

ऑस्ट्रेलियातल्या डोनाल्ड थॉमसन यांच्या बाबतीत 1970 च्या दशकात हेच झालं. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेनं त्यांना ओळखलं. पण गुन्हा घडला तेव्हा ते टीव्हीवर थेट प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमात बसले होते, आणि हल्ल्याच्या आधी ती बाई तोच कार्यक्रम बघत होती. चेहरा तिनं खरोखरच पाहिला होता, फक्त पडद्यावर. थॉमसन स्वतः स्मृतीचे अभ्यासक, आणि त्या दिवशी ते प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीबद्दलच बोलत होते. कथेत कुणी असं लिहिलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

"भीतीनं चेहरा कोरला जातो." प्रसंग कोरला जातो, हे मान्य. चेहऱ्याची खात्री देता येत नाही. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात सैनिकांना खोट्या युद्धकैदी छावणीत ठेवून त्यांची चौकशी करतात. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अशा पाचशेहून जास्त जणांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. दमदाटीच्या चौकशीनंतर, समोर उभ्या केलेल्या रांगेतून आपला चौकशी अधिकारी बरोबर ओळखणारे निघाले 30 टक्के. सौम्य चौकशीनंतर हेच प्रमाण 62 टक्के होतं. तेही चेहरा चांगला अर्धा-पाऊण तास समोर असताना, आणि धडधाकट, तरुण सैनिकांमध्ये.

"ठामपणे सांगतेय म्हणजे तोच." ठामपणा बाहेरूनही भरला जातो. 1984 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. ती हुशार होती. पुढे ओळखता यावं म्हणून तिनं हल्लेखोराचा चेहरा जाणूनबुजून निरखला. फोटोंमधून तिनं रोनाल्ड कॉटन याला निवडलं. मग प्रत्यक्ष रांगेतही त्यालाच निवडलं, पण फोटोंमध्ये आणि रांगेत असा दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. वर पोलिसांनी तिला सांगितलं, फोटोतून निवडलास तो हाच. मग शंका उरणार कुठून? 1987 च्या फेरखटल्यात खरा गुन्हेगार, बॉबी पूल, तिच्यासमोर आणला गेला. याला मी कधी पाहिलेलं नाही, असं ती म्हणाली. 1995 मध्ये डीएनए चाचणीनं कॉटन सुटला. ती खोटं बोलत नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के प्रकरणांत अशी चुकीची ओळख होती.

म्हणजे साक्षीदाराच्या खात्रीला किंमतच नाही का? आहे. परेड नीट घेतलेली असेल तर पहिल्याच वेळी, कुणी काही सुचवण्याआधी, साक्षीदार किती खात्रीनं बोलला याला खूप वजन आहे. वर्षभरानं कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्याकडे दाखवलेलं बोट दिसायला नाट्यमय असतं, एवढंच.

राहिली ओळख परेड. ती फार्स नाही. वरचे सगळे घोटाळे टळावेत म्हणूनच ती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे (फौजदारी कामकाजाची नियमपुस्तिका) एका संशयितामागे किमान अर्धा डझन माणसं उभी करायची असतात, तीही दिसायला त्याच्यासारखी. आरोपीला आणताना-नेताना तोंडावर बुरखा घालतात तो त्याची अब्रू जपायला नव्हे, साक्षीदाराला तो आधीच दिसू नये म्हणून. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 7 खाली (जुना पुरावा कायदा, कलम 9) या परेडला महत्त्व मिळतं ते तेवढ्यासाठीच. आता समजा, आरोपीचा फोटो आपण दहा ग्रुपवर टाकला. साक्षीदारानं तो पाहिला. परेडमध्ये तिनं बोट दाखवलं ते त्या रात्रीच्या माणसाकडे की फोनवरच्या, हे आता तिलाही सांगता येणार नाही. उलटतपासणीत बचावाचा वकील विचारतो, "बाई, परेडच्या आधी आरोपीचा फोटो मोबाइलवर पाहिला होता का?" प्रामाणिक साक्षीदार "हो" म्हणते, आणि त्या परेडला न्यायालयात काही अर्थ उरत नाही.