आईची पुडी

परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच. काकांनी लिहिलं, "२०२० साली काढ्यानेच आपण वाचलो." पुण्याच्या चुलतभावाचं लगेच उत्तर, "पाल्याने व्हायरस मरत नाही. हा अडाणीपणा सोडा." काकांचं मला पटत नाही, तुळस-सुंठ-मिऱ्यांनी कोरोना बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. पण झोंबला तो 'अडाणीपणा'.

इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, लेकीला खोकला झाला की डॉक्टरीणबाई आयव्हीच्या पानांच्या अर्काचं सिरप लिहून देतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्याचे पैसे क्रांकनकासे, म्हणजे इथली आरोग्य विमा संस्था, भरते. तपकिरी बाटली, आधी हलवायची, मग मापाने द्यायचं. हाच वेल आमच्या सायकलशेडवर माजलाय, पण त्याची पानं खुडून कुणी उकळत नाही. बाटलीत अर्क किती, ते छापलेलं असतं. कफ सुटतो एवढाच दावा, व्हायरस मारण्याचा नाही. पेलार्गोनियम नावाच्या झाडाच्या मुळांचे थेंबही मिळतात, त्यांच्या चिठ्ठीत यकृताबद्दल इशारा असतो. आपल्याकडे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं, तर आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं ठरवलं. पाल्याचा खरा अपमान तो. औषध म्हणायचं, तर त्याचा अपायही मोजायला हवा.

आणि भावाला कुणीतरी सांगा, खोकल्यावर तो पितो ते अँब्रोक्सॉल आलं कुठून? आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून जर्मनीत ब्रोमहेक्सिन घडवलं, त्यातून पुढे हे. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर, १९९९ साली मान्यता मिळालेलं, ते बनवायला शिकिमिक आम्ल लागतं. ते कित्येक वर्षं मुख्यतः चक्रीफुलातून काढत. गोडा मसाला खाऊन फ्लू जात नाही, हे मलाही कळतं. फुलापासून गोळीपर्यंत रसायनशास्त्राचे कितीतरी टप्पे आहेत. पण सुरुवात फुलापासूनच होते ना?

हे सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं आणि थांबले. मागच्या दिवाळीत आईने अडुळशाची पानं सावलीत वाळवून पाठवली होती. वर्तमानपत्राची पुडी, वर तिच्या अक्षरात 'खोकला – दोन पानं, मधातून'. त्याच आठवड्यात लेक खोकायला लागली. पुडी हातात घेतली, हुंगली, आणि कपाटात ठेवून आपोटेकेत, इथल्या औषधांच्या दुकानात, गेले. तिथे पांढऱ्या कोटातल्या बाईंनी पाल्याचीच बाटली दिली आणि मी निर्धास्त झाले. आईने फोनवर विचारलं, "दिलास का गं?" मी हो म्हणाले.

पुडी अजून तिथेच आहे, दोरा न सोडलेली.