“नात खुशीनं करते, मग तुमचं काय जातं?” : काकांच्या कमेंटला उत्तर

काका नमस्कार, तुमची कमेंट दोनतीनदा वाचली, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, घरचे जिचं रील शूट करत होते त्या मुलीवर मी लिहिलं ते तुम्हाला लागलं. तुम्ही म्हणता बालहक्क बघायचेत तर वीटभट्टीवर जा, कचरा वेचणारी पोरं बघा, खात्यापित्या घरची पोर दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर बोलली तर काय बिघडलं, आणि तुमची स्वतःची नात पण व्हिडिओत असते, खुशीनं करते, घरात चार पैसे येतात.

वीटभट्टीचं तुमचं बरोबरच आहे. पण तिथल्या मुलाचे हाल मोठे म्हणून हिला त्रास नाहीच, असं कसं होईल?

मी काय पाहिलं ते परत सांगते. रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेले, मुलगी सहासात वर्षांची, हातात भुट्ट्याच्या किसाचा दोना. पहिला घास तिनं मजेत खाल्ला, मग मधे कोणीतरी आलं म्हणून परत, मग “वाव” नीट म्हटलं नाही म्हणून परत, पाचव्या वेळी घास तोंडात तसाच धरून बसली, गिळेचना, आणि आई म्हणते डोळे मोठे कर ना बेटा, झोपाळू दिसतायत. अहो एवढ्या रात्री दुसरे कसे दिसणार! नंतर ते रील पाहिलं, वीसेक सेकंदांचं, इतकं गोड की मलाही हसू आलं. “खुशीनं करते” हे आपण जे बघून ठरवतो ना काका, ते असं तयार झालेलं असतं.

सिनेमात, सिरीयलमध्ये मुलं आधीपासून कामं करतात हे तुमचं म्हणणं खरंय, पण तिथे निदान कागदावर नियम तरी आहेत. 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला, 14 च्या आतल्या मुलांना कामाला लावायला बंदी आली, सूट फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामधंद्याला हातभार लावायला आणि कलाकार म्हणून काम करायला. कलाकारांच्या कामालाही अटी आहेत, दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, सलग 3 तासांच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे, कमाईतले निदान 20 टक्के मुलाच्या नावानं फिक्स डिपॉझिटमध्ये, आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काही करून घ्यायचं नाही. आता घरच्या चॅनलवर यातलं काय होतं सांगा. बाप शूट करतो, आई डायलॉग पढवते, तास कोण मोजणार? फ्रान्सनं 2020 मध्ये यासाठी वेगळा कायदा केला, तिथे मुलानं स्वतः सांगितलं तरी व्हिडिओ काढावा लागतो. आपल्या 2023 च्या डेटाच्या (वैयक्तिक माहितीच्या) कायद्यात 18 च्या आतल्यांची माहिती वापरायला आईबापांची परवानगी घ्यायची अट आहे, पण इथे टाकणारे आईबापच, मग पोरीनं जायचं कोणाकडे?

आणि हे मी नुसतं वाचून बोलत नाहीये. माझा भाचा चार वर्षांचा असताना टबमध्ये रडतानाचा त्याचा व्हिडिओ आम्हीच टाकला होता, मीसुद्धा शेअर केला, खूप लाइक आले. आता तो सातवीत आहे, वर्गातल्या पोरांना तो व्हिडिओ सापडला. आठ दिवस शाळेत गेला नाही, आणि मला त्यानं एवढंच विचारलं की मावशी, तू का टाकलास. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

तुमच्या घराला मी नावं ठेवत नाहीये काका, आजोबा म्हणून तुमचा जीव तिच्यात आहे हे कमेंटमधूनच कळतं. तिच्या नावाचं खातं बँकेत आहे का, तेवढं मुलाला विचारा. तुम्ही लिंक दिलीत त्यात एक क्लिप शाळेच्या ड्रेसमधली आहे, बॅजवर शाळेचं नाव स्पष्ट वाचता येतं, खाली अनोळखी माणसं “कुठे राहतेस गुडिया” विचारतायत. ती क्लिप आज रात्रीच काढायला सांगा, प्लीज.